सख्ख्या भावांनी जोडीनं गाणं कसं बसवावं: स्टॅन्ली बंधूंकडून उचललेल्या गोष्टी

मी बेंजोवाला. दिवसा सोलापुरात पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग अडला की ज्याला हाक मारतात तो माणूस. गणपतीत आणि लग्नसराईत बेंजो. आपला बेंजो, टाइपरायटरसारखी बटणं असतात तो. काही वर्षांपूर्वी त्याचा पिकअप बदलायचा होता म्हणून रात्री फोनवर 'बँजो' असं शोधलं आणि भलतंच उघडलं. काळं-पांढरं चित्र, डोक्यावर हॅट घातलेली दोन माणसं. एकाकडं गिटार, दुसऱ्याकडं डफाला दांडा बसवावा तसलं गोल वाद्य. पिकअप राहिला बाजूला, मी तेच ऐकत बसलो.

सकाळी अण्णाला दाखवलं. अण्णा माझा थोरला भाऊ, आयुष्य भजनी मंडळात गेलेलं. इंग्रजीचा गंध नाही. एक कडवं ऐकलं आणि म्हणाला, "सख्खे भाऊ आहेत रे हे." कसं ओळखलंस, तर म्हणे, "ओळ संपताना दोघांची तोंडं एकाच वेळी मिटतायत बघ. आपली मिटत नाहीत."

ते कार्टर आणि राल्फ स्टॅन्ली होते, अमेरिकेतले, ब्लूग्रास नावाचं तिकडचं गावाकडचं संगीत गाणारे. त्यानंतर आम्ही दोघांनी त्यांच्यासारखं, म्हणजे एक खाली आणि एक वर अशा दोन स्वरांत गायला शिकायचं ठरवलं. आपल्याकडं दोन भाऊ गातात तेव्हा बहुतेक एकच सूर दोघे मिळून गातात, नाहीतर एक थांबतो आणि दुसरा उचलतो. हे वेगळं काम आहे. गुरू मिळाला नाही, चुका भरपूर झाल्या. कुणाला असं गायचं असेल तर आमच्या चुका तरी वाचतील म्हणून लिहितोय.

आधी नीट ऐका

पहिले पंधरा दिवस तोंड उघडू नका. एकच गाणं घ्या आणि तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त खालच्या आवाजाच्या मागं जा, तो कार्टर, थोरला. चाल त्याच्याकडं असते. दुसऱ्यांदा फक्त वरचा आवाज धरा, तो राल्फ. हे अवघड जातं, कारण कान सारखा चालीकडं घसरतो. तिसऱ्यांदा दोघांनाही सोडा आणि फक्त ओळीचं टोक ऐका. शेवटचं अक्षर किती लांबलं, कुणी आधी सोडलं का. बहुतेक वेळा कुणीच आधी सोडलेलं नसतं.

सुरुवात कुठून करावी? १९४९ ते १९५२ या काळात त्यांनी कोलंबिया कंपनीसाठी बावीस गाणी केली, तिथून करा. आवाज तरुण आहेत आणि वाद्यांची गर्दी नाही. मग १९५३ पासूनची मर्क्युरीची, ती जरा जोरकस आणि वेगवान. किंग कंपनीची, १९५८ नंतरची, सगळ्यात शेवटी. त्यांत कार्टरचा आवाज थोडा खाली बसलेला, थकलेला वाटतो. मला तोच जास्त आवडतो, पण शिकायला तरुण आवाज बरा. घाई असेल तर 'द व्हाइट डव्ह' हे एकच गाणं आठवडाभर ऐका. आईबाप गेल्याचं गाणं आहे, कार्टरनं लिहिलेलं. शब्द कळले नाहीत तरी चालेल. अण्णाला आजही कळत नाहीत, पण ते लागलं की तो चहाचा कप खाली ठेवतो.

खाली कोण, वर कोण

थोरला आहे म्हणून त्यानंच मुख्य आवाज धरावा असं काही नाही. स्टॅन्लींच्यात तसं होतं, आमच्यातही तसंच निघालं, पण कारण वेगळं आहे. कार्टरचा जन्म २७ ऑगस्ट १९२५ चा, राल्फचा २५ फेब्रुवारी १९२७ चा, दीडच वर्षाचं अंतर. कार्टर बोलका. माइकसमोर लोकांशी बोलणं, गाण्याची ओळख करून देणं, बरीचशी गाणी लिहिणं हे त्याचं काम. राल्फ लाजरा. तो बँजो वाजवायचा आणि वरचा सूर लावायचा.

तुमच्या घरी पाहुणे आल्यावर गावाकडचा किस्सा कोण सांगतं? तो खाली. चाल आणि शब्द पोचवणं हे त्याचं काम. आणि कोण दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत जेवतं? तो वर. हे मी थट्टेनं लिहीत नाही. वरच्या आवाजाला सगळा वेळ खालच्याच्या ओठांवर नजर ठेवावी लागते. नुसता आवाज चढतो म्हणून एखाद्याला वर बसवलं आणि तो स्वतःच्या तानेत रमणारा निघाला, तर जोडी जमत नाही.

आईचा विचारही करा. राल्फला बँजो आईनं शिकवला. तो सांगायचा ती गोष्ट अशी: पोरवयात त्याच्यापुढं दोन वस्तू होत्या, एक डुकरीण आणि एक बँजो. दोन्हींची किंमत पाच डॉलर, आणि घरात दोन्हींचे पैसे नव्हते. त्यानं बँजो घेतला. आई लुसीनं तो जुळवला, एक चाल वाजवून दाखवली आणि त्याच्या हातात दिला. आमच्या आईनं बेंजोला कधी हात लावला नाही, पण जात्यावरच्या ओव्या आम्हां दोघांच्या कानांत एकाच वयात गेल्या. दोन भावांचे उच्चार जुळतात ते त्यामुळं. जी चाल दोघांनी आईकडून ऐकली तिच्यापासून सुरू करा. सिनेमाच्या गाण्यापासून नको, कारण त्यात दोघांच्या डोक्यात तिसऱ्याच कुणाचा गळा असतो.

सा कुठं धरायचा

हे वरचा माणूस ठरवतो. आम्ही पहिलं वर्ष उलटं करत होतो. अण्णाची पट्टी काळी एक, भजनात तीच चालते, म्हणून मीही तिथंच. त्यात माझा सूर तार गंधारापर्यंत जायचा आणि तिथं गळा फाटायचा. अण्णा म्हणायचा, "रियाज कर." मी वर्षभर रियाज केला आणि फाटायचा तो फाटतच राहिला.

सोपा उपाय असा. गाण्यात खालच्या आवाजाचा सगळ्यात वरचा सूर कुठला ते बघा. त्याच्यावर वरच्याला कुठं जावं लागेल ते पेटीवर दाबून बघा. तो सूर वरच्या माणसाला सकाळी, थंड गळ्यानं, तीनदा लागला पाहिजे. नाही लागला तर एक पट्टी उतरा. आम्ही काळी एकवरून पांढरी एकवर आलो आणि एका दिवसात फरक पडला. अण्णाला खालचे सूर जरा जड जातात, पण त्यानं ते सोसलं. मोठ्या भावानं एवढं करावं.

वरचा सूर कसा शोधायचा

आता मुख्य काम. यासाठी पेटी किंवा बेंजो लागतोच.

साधा नियम असा सांगतात की चालीच्या सुराच्या वरचा एक सोडून दुसरा घ्या. सा ला ग, रे ला म, ग ला प. असं सरळसोट लावलं की गोड लागतं, पण शाळेच्या स्वागतगीतासारखं. शिवाय खाली सा-प चा सूर धरलेला असेल तर तो म मध्येच खुपतो. स्टॅन्लींचं ऐकताना माझ्या लक्षात आलं की राल्फ पुष्कळदा हलतच नाही. कार्टर दोन पावलं चालतो, राल्फ जागेवर उभा. त्यावरून मी माझ्यापुरता हा तक्ता केला:

खाली सा असेल तर वर ग. खाली रे असेल तर वर प. ग ला पण प. म ला ध. प ला तार सा. ध ला पण तार सा. नि ला तार रे.

म्हणजे खालचा रे वरून ग वर गेला तरी वरचा प वरच, आणि खालचा प वरून ध वर गेला तरी वरचा तार सा वरच. करून बघा. खालच्यानं म्हणायचं: सा सा रे ग, ग रे सा. वरच्यानं: ग ग प प, प प ग. हळू म्हणा, आकारात, शब्द न घेता. रे आणि प एकत्र येतात तिथं एक मोकळी, रानात हाक मारल्यासारखी पोकळी ऐकू येते. ती ऐकू आली की तुम्ही वाटेवर आहात. पहिल्यांदा ती आम्हाला ऐकू आली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, आम्ही गच्चीवर होतो. अण्णा गाणं थांबवून म्हणाला, "आणखी एकदा." एवढंच.

एक इशारा देऊन ठेवतो. हा तक्ता शुद्ध स्वरांच्या साध्या चालींसाठी आहे. ओवी, गवळण, पाळणा, आरती. भीमपलासातला अभंग घेऊन त्यावर हे लावाल तर रागाचं वाटोळं होईल. आणि कीर्तनात बुवांच्या मागं उभं राहून हे चुकूनही करू नका. मी एकदा केलं. बुवांनी वळून ज्या नजरेनं बघितलं ती सांगत नाही.

तिसरा भाऊ किंवा पुतण्या असेल तर एक गंमत आहे. स्टॅन्लींबरोबर सुरुवातीच्या वर्षांत पी वी लॅम्बर्ट नावाचा मँडोलिनवाला होता. तिसरा आवाज सहसा सगळ्यांच्या खाली असतो, म्हणजे सा, ग आणि खालचा प. लॅम्बर्टनं काही गाण्यांत तो खालचा प उचलून राल्फच्याही वर नेऊन ठेवला. सा, त्यावर ग, त्यावर प. ऐकताना अंगावर काटा येतो. आमच्या पुतण्यानं प्रयत्न केला, शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली.

ओळीचं टोक

अण्णाचं पहिलं वाक्य यावरच होतं, आणि आम्हाला सगळ्यात जास्त वेळ यालाच लागला.

स्टॅन्लींना हे देवळातनं मिळालं, म्हणजे त्यांच्या चर्चमधनं. व्हर्जिनियाच्या डोंगरात, डिकन्सन काउंटीत, ते प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट पंथाच्या चर्चमध्ये वाढले. तिथं वाद्याला बंदी. पेटी नाही, काही नाही. एक जण ओळ सांगतो आणि मग सगळे ती ओढत ओढत म्हणतात. आपल्या भजनात बुवांनी ओळ दिली की टाळकरी उचलतात, पोवाड्यात शाहिरामागं झीलकरी झील धरतात, तसंच काहीसं. फक्त इथं मृदंग नाही की टाळ नाही. ठेका सांभाळायला वाद्य नसलं की माणसं एकमेकांच्या श्वासावर चालतात.

म्हणून सराव असा करा. सगळी वाद्यं बाजूला ठेवा. समोरासमोर पाटावर बसा, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. एकमेकांच्या पाठीवर उजवा तळहात ठेवा. श्वास घेताना पाठ फुगते ती हाताला कळते. खालच्यानं श्वास घेतला की वरच्यानं घ्यायचा, आधी नाही. पहिले दोन दिवस हसू येईल, बायकापोरं दारातनं बघतील. बघू द्या.

मग शब्दांची टोकं एकेक करून ठरवा. 'राम' सारखा शब्द सोपा, कारण म वर ओठ मिटतात आणि मिटलेले दिसतात. दोघांनी म एकाच वेळी मिटवायचा आणि मिटल्यावर नाकात गुणगुणत बसायचं नाही. 'विठ्ठला' सारखा उघड्या तोंडाचा शब्द जास्त दगा देतो, कारण कधी सोडायचा ते ओठ सांगत नाहीत. तिथं खालच्यानं हनुवटी किंचित खाली करायची, ती खूण. आणि 'माउली' चा ई! वरच्या पट्टीत ई ताणला की शिट्टी वाजते. वरच्यानं तिथं तोंड जरा उघडून ई ला ए च्या अंगानं न्यायचं. ऐकणाऱ्याला ई च ऐकू येतो, कारण खालचा माणूस नीट ई म्हणत असतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मोबाइलवर रेकॉर्ड करून शंभरदा ऐकल्यावर सापडलं.

कडवं दोघांनी मिळून म्हणू नका. स्टॅन्लींच्या पुष्कळ गाण्यांत कार्टर कडवं एकटा सांगतो आणि धृपदाला राल्फ येतो. 'रँक स्ट्रेंजर' हे गाणं त्यासाठी ऐका. माणूस खूप वर्षांनी गावी परततो आणि ओळखीचं कुणी उरलेलं नसतं. कडवं कार्टर बोलल्यासारखं म्हणतो, आणि मग राल्फ वरून एकदम आत येतो. कडव्यातही तो असता तर त्या येण्याला काही किंमत राहिली नसती.

आवाजाचं माप

वरचा सूर मुळातच जास्त पोचतो, म्हणून वरच्यानं कमी जोर लावायचा. मोबाइल दहा फुटांवर ठेवून रेकॉर्ड करा. शब्द स्पष्ट कळत नसतील तर चूक वरच्याची, बहुतेक वेळा. ती चूक माझी असायची.

एका गणेश मंडळाचा कार्यक्रम होता. दोन माइक दिले. साउंडवाल्याला वाटलं वरचा आवाज म्हणजे मुख्य गायक, त्यानं माझा माइक चढवला. मलाही बरं वाटलं, मी आणखी मोकळा सुटलो. कार्यक्रम संपल्यावर एका ओळखीच्या मावशींनी विचारलं, "आज अण्णांचा घसा बसलावता का?" घरी येईपर्यंत स्कूटरवर अण्णा एक शब्द बोलला नाही. पुढच्या वर्षी त्या मंडळानं बोलावलंही नाही.

तेव्हापासून आम्ही एकच माइक मागतो. त्या काळच्या मंडळ्या एकाच माइकभोवती उभ्या राहत. ज्याचं वाजवायचं त्यानं पुढं व्हायचं, झालं की मागं. खालचा माणूस माइकपासून वीतभर, वरचा हातभर आणि थोडा तिरका, म्हणजे त्याला खालच्याचं तोंड दिसेल. मग साउंडवाल्यानं काहीही फिरवलं तरी दोघांचं माप बिघडत नाही. मंडळाची पोरं म्हणतील, "काका, दोन माइक आहेत की." घेऊ नका.

वाद्यं

त्यांचा बँजो आणि आपला बेंजो यांत नावापलीकडं नातं नाही. आपला आला जपानातनं. तिथं १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी ताइशोगोतो नावाचं वाद्य केलं, त्याचंच हे रूप. त्यांच्या बँजोची मुळं आफ्रिकेत, गुलाम म्हणून नेलेल्या माणसांकडं. ब्लूग्रासच्या बँजोला पाच तारा, त्यातली पाचवी आखूड, दांड्याच्या मधूनच निघते. आपल्या भाषेत जुळणी सांगायची तर आखूड तार म्हणजे तार सा, मग खालचा प, सा, ग, प. ती आखूड तार सतारीच्या चिकारीसारखी सारखी मध्येमध्ये वाजत असते. राल्फ आईकडनं जुन्या पद्धतीनं, नखानं खाली मारत वाजवायला शिकला आणि नंतर तीन बोटांच्या वेगवान पद्धतीकडं आला.

आपल्या बेंजोवर यातलं घेण्यासारखं एकच: गाणं चालू असताना चाल वाजवू नका. आपल्याला मिरवणुकीची सवय. लेझीमचा ताफा पुढं, आपण मागं फुल्ल आवाजात, गाण्याची चाल बेंजोवरच. जोडीच्या गाण्यात बेंजोनं फक्त सा-प धरायचा, आणि ओळ संपली की त्या फटीत दोन-चार सूर टाकायचे. ढोलकी नकोच. ब्लूग्रासमध्ये ढोल नसतो. मँडोलिनवाला तारा दाबून आघाताच्या मधल्या जागी 'चक' असा आवाज काढतो, तोच ठेका. आमच्याकडं ते काम एक टाळजोडी करते, दाबून वाजवलेली.

किंग कंपनीच्या मालकाला स्टॅन्लींच्या रेकॉर्डवर गिटार पुढं हवी होती, म्हणून मँडोलिन आणि फिडल मागं गेलं आणि जॉर्ज शफलरची गिटार आली. वाद्य कमी झालं तरी त्या रेकॉर्ड पातळ वाटत नाहीत. तेव्हा तुमच्याकडं कीबोर्डवाला नाही म्हणून अडून बसू नका.

सोलापूरकरांसाठी दोन गोष्टी वेगळ्या. उन्हाळ्यात घरात जुळवलेला बेंजो मांडवात नेला की उतरतो, तार तापून सैल पडते. जिथं वाजवायचं तिथं अर्धा तास आधी नेऊन ठेवा आणि मग जुळवा. दुसरं, गाण्याआधी दोन तास कडक भाकरी आणि शेंगा चटणी बंद. चटणीचा कण घशात कुठं बसेल सांगता येत नाही, आणि तो नेमका धृपदालाच जागा होतो. कारखान्यातनं आल्यावर गुळण्या केल्याशिवाय गाऊ नका, सुताची धूळ घशात असते.

दुसऱ्यांच्या चाली

सुरुवातीला नक्कल करावीच लागते. स्टॅन्ली आधी बिल मन्रोची नक्कल करायचे, ज्याला ब्लूग्रासचा जनक म्हणतात त्याची. इतकी, की मन्रोच्या मंडळीचं घोड्यांच्या शर्यतीचं एक गाणं ऐकून त्यांनी ते १९४८ मध्ये रिच-आर-टोन या छोट्या कंपनीसाठी रेकॉर्ड केलं, आणि मन्रोनं आधीच करून ठेवलेली स्वतःची रेकॉर्ड बाजारात यायच्या आत ती आली. मन्रो चिडला. कोलंबियानं स्टॅन्लींना घेतल्यावर तर तो ती कंपनीच सोडून गेला. आणि गंमत बघा, १९५१ मध्ये कार्टर काही काळ त्याच मन्रोच्या मंडळीत गात होता. तोवर कार्टरनं स्वतःची गाणी लिहायला घेतली होती आणि नक्कल गळून पडत होती. तुमच्यापैकी एकाला चार ओळी जुळवता येत असतील तर पहिल्या वर्षातच एक स्वतःचं गाणं करा. वाईट झालं तरी चालेल, ते दुसऱ्या कुणाच्या गळ्यात आधी ऐकलेलं नसतं.

पोटापाण्याचं

यावर थोडक्यात. १९४६ च्या डिसेंबरात ब्रिस्टल गावच्या डब्ल्यूसीवायबी या रेडिओ केंद्रावर त्यांनी रोज दुपारी गायला सुरुवात केली. ब्रिस्टल मोठं मजेशीर गाव आहे. मुख्य रस्त्याच्या मधोमध राज्याची हद्द, एक फुटपाथ व्हर्जिनियात, दुसरा टेनेसीत. आपल्याला हद्दीचं कौतुक नाही, चौकात उभं राहिलं की मराठी, कन्नड, तेलुगू एकाच वेळी ऐकू येतं. तर, दुपारी रेडिओवर गायचं, आज रात्री कुठल्या गावच्या शाळेत कार्यक्रम आहे ते सांगायचं, आणि रात्री तिथं जायचं. खरा पैसा रात्रीचा. तरीही मधल्या वाईट दिवसांत दोघांनी डेट्रॉइटला फोर्डच्या कारखान्यात काम केलं. पुढं १९५८ मध्ये फ्लोरिडाला हलले, तिथं घरं बांधणाऱ्या एका कंपनीच्या पैशावर टीव्हीचे कार्यक्रम केले. एवढ्या नावाच्या माणसांची ही गत, तेव्हा मागावरची नोकरी सोडू नका. मी सोडलेली नाही.

सुपारी घेताना बोलणं एकानंच करावं, आणि पैसे गाडीत बसायच्या आत वाटून घ्यावेत. अण्णा बोलतो, मी मोजतो.

जोडीदार नसेल तेव्हा

कार्टर १ डिसेंबर १९६६ ला गेला, एकेचाळिसाव्या वर्षी. दारूनं यकृत खाल्लं. राल्फपुढं प्रश्न होता, वरच्या आवाजानं एकट्यानं काय करायचं? त्यानं खालचा आवाज शोधला. आधी लॅरी स्पार्क्स, मग रॉय ली सेंटर्स, पुढं कीथ व्हिटली. पोरं येत गेली, तो वरच राहिला. २००२ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं ते मात्र एकट्याच्या गाण्याला, मृत्यूची विनवणी करणाऱ्या. त्यात त्यानं बँजोसुद्धा घेतला नव्हता, चर्चमध्ये म्हणायचे तसं नुसत्या गळ्यानं म्हटलं. २३ जून २०१६ ला गेला, म्हणजे भावानंतर जवळजवळ पन्नास वर्षं गायला.

आमचं तसं काही नाही, अण्णा ठणठणीत आहे. पण दोन वर्षं झाली, तो मुलाकडं पुण्याला असतो. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरच्या जत्रेला येतो, मिरवणुकीतल्या काठ्या बघतो, चार रात्री गच्चीवर गाणं होतं आणि परत जातो. मधल्या दिवसांसाठी आम्ही आधी व्हिडिओ कॉल करून बघितला. वेळ घालवू नका. आवाज पोचायला जो क्षणभर उशीर होतो त्यात ओळीची टोकं जुळूच शकत नाहीत, दोघेही एकमेकांची वाट बघत हळू हळू होत जातात.

त्यापेक्षा असं करा. खालच्यानं एकट्यानं पूर्ण गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवायचं. वाद्य नको, मांडीवर थापेचा ठेका चालेल. वरच्यानं एकाच कानात इअरफोन घालायचा, दुसरा कान स्वतःसाठी मोकळा. तोंड दिसत नाही, म्हणून खालच्यानं धृपदाआधीचा श्वास मुद्दाम ऐकू येईल असा घ्यायचा.

हे मी अण्णाला फोनवर तीनदा समजावलं. त्याला ते नाटकी वाटतं, श्वास काही तो मोठ्यानं घेत नाही. पण पुण्याची हवा त्याला मानवत नाही, आणि दर धृपदाआधी तो एकदा खाकरतो. ओवीच्या रेकॉर्डिंगमध्ये चार कडवी आहेत, चार वेळा खाकरणं. पुतण्या म्हणाला, काका, साफ करून देतो. मी म्हटलं हात लावू नको. त्याच्यावरच मी आत येतो.